१२ फेब्रुवारीच्या आधी

सातारा,
२० जानेवारी २०२६

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर रागावलीस. बाबांनी तुला सांगितलेलं सगळं खरं आहे. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कोरियन मालिका बघते, सकाळचं फिरणं सुटलंय आणि गुरुवारच्या भजनाला तीनदा गेले नाही. पण ‘आई, हे व्यसन आहे’ एवढं म्हणून तू फोन ठेवलास आणि मला जे बोलायचं होतं ते राहून गेलं. ते फोनवर नीट जमलंही नसतं, म्हणून लिहायला बसलेय.

दिवाळीत तूच ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ लावून दिलीस आणि दुसऱ्या दिवशी बंगळुरूला गेलीस. पॅराग्लायडिंग करताना वावटळीत सापडून दक्षिण कोरियाची श्रीमंत मुलगी उत्तर कोरियात जाऊन पडते, तिथला कप्तान तिला लपवून ठेवतो. मला वाटलं, असं कुठं घडतं का! तरी चौथ्या भागापर्यंत आले. त्या भागाच्या शेवटी ती बाजाराच्या गर्दीत हरवते. अंधार पडलेला, कुणाला हाक मारायची सोय नाही. तिनं आधी त्याच्याकडे सुवासिक मेणबत्ती मागितलेली असते आणि त्यानं साधीच आणून दिलेली असते. आता तो गर्दीत उभा राहून पेटती मेणबत्ती उंच धरतो, तिला दिसावी म्हणून, आणि म्हणतो की या वेळी सुवासिकच आणलीय. गौरी, मी तिथे रडले. माणूस काय मागतंय हे कुणीतरी इतकं लक्षात ठेवावं, एवढंच होतं त्यात.

मग सुटेना. आपल्या मालिका मी पोळ्या लाटता लाटता ऐकते, कान दिला की पुरतं. इथं भाषा कळत नाही, खालची इंग्रजी ओळ वाचावी लागते, म्हणजे डोळे हलवता येत नाहीत. तीस वर्षं शाळा आणि घर एकत्र सांभाळताना मी एका जागी बसून एकच गोष्ट केल्याचं मला आठवत नाही. पुन्हा गोष्ट सोळा भागांत संपते. कुणी मेलेलं परत येत नाही, सून पाचशे भाग छळ सोसत नाही. पण प्रत्येक भाग असा तोडतात की पुढचा लावल्याशिवाय झोप लागत नाही. तिकडे ही मालिका शनिवार-रविवारी एकेक भाग अशी दाखवायचे, पुढच्यासाठी आठवडाभर थांबावं लागायचं. आपल्याला सगळे भाग एकदम मिळतात, थांबवणारं कुणी नाही. म्हणून आता मीही शनिवार-रविवार एकेकच भाग बघायचं ठरवलंय. गेल्या आठवड्यात पाळलं.

आता खरं सांगायचं ते.

डिसेंबरात मी ‘रिप्लाय १९८८’ लावली. सोलमधल्या सांगमुन-दोंग नावाच्या वस्तीतली एक गल्ली, पाच घरं. आधी मी ते साल बघूनच लावली, कारण त्या वर्षीचं सोल ऑलिंपिक मला आठवतं. पी. टी. उषा प्राथमिक फेरीतच बाहेर पडली होती आणि तुझे आजोबा रेडिओ बंद करून अंगणात गेले होते. त्या गल्लीत जेवणाच्या वेळी पोरं एका घरचं कालवण दुसऱ्या घरी पोचवतात, आणि रिकामं भांडं कुणी परत पाठवत नाही. आमच्या वाड्यात अगदी हेच चालायचं. पोरं वडिलांना आप्पा म्हणतात. माहेरी आम्ही अप्पाच म्हणायचो, पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी दचकून दाराकडे पाहिलं.

त्यात दोक-सन नावाची मधली मुलगी आहे. पुढं तिचं लग्न कुणाशी होतं, हे शेवटपर्यंत कळू देत नाहीत, प्रेमाची गोष्ट ती. पण मी पहिल्याच भागात अडकले. घरात तळलेली अंडी दोनच असली की ती थोरलीला आणि धाकट्याला. कोंबडीच्या तंगड्या त्या दोघांना. आणि तिचा वाढदिवस थोरलीच्या नंतर काही दिवसांनी येतो, म्हणून दरवर्षी दोघींचा एकाच केकवर उरकतात. त्या वर्षी ती ओरडते, की मलाही अंडं आवडतं. नंतर बाप तिच्या एकटीसाठी छोटा केक आणतो, बाहेर बसून तिची माफी मागतो. आपणही पहिल्यांदाच बाप झालोय, म्हणतो.

बाबा तेव्हा पेपर वाचत होते, म्हणजे पेपर हातात होता. भाग संपल्यावर म्हणाले, ‘‘गौरीचा वाढदिवस आपण कधी वेगळा केला होता का गं?’’

मी माळ्यावरून अल्बम काढला. दादाचा ७ फेब्रुवारी, तुझा १२. पाच दिवसांत दोन केक कशाला, असं मीच म्हटलं असेल पहिल्या वर्षी. पुढं ते तसंच चालू राहिलं. तुझ्या दहावीपर्यंतच्या सगळ्या फोटोंत केकवर दादाचं नाव मोठं आहे, सुरी दादाच्या हातात आहे आणि तुझा हात त्याच्या हातावर. एका फोटोत तू केककडे न बघता माझ्याकडे बघतेयस. मी तेव्हा काय करत होते कोण जाणे. तू त्या मुलीसारखी कधी ओरडली नाहीस. ओरडली नाहीस म्हणून आम्ही तुला समजूतदार म्हणत राहिलो, पाहुण्यांपुढे कौतुकानं सांगत राहिलो. आमचं चुकलं, गौरी. हे सांगायला मला तीस वर्षं लागली आणि कोरियातल्या एका गल्लीतून फिरून यावं लागलं.

तुला मालिका बघायचा आग्रह नाही. बघितलीस तर पहिला भाग एकटीनं बघ, ऑफिसच्या डब्याच्या सुट्टीत नको.

बाबांनी ११ तारखेच्या रात्रीच्या बसची दोन तिकिटं काढलीत. १२ ला गुरुवार आहे, सकाळी आम्ही तुझ्याकडे पोचू. तू रजा टाकू नकोस, संध्याकाळपर्यंत आम्ही थांबू. केक तिथंच घेऊ. कुठला, ते मात्र कळव. दादाला आवडतो म्हणून आजवर पाइनॲपलचाच आणत आलो. तुला कुठला आवडतो ते आम्हा दोघांनाही सांगता येईना.

तुझी,
आई