नाथसागराचा रोज एक फोटो छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जायकवाडी धरणाचे, म्हणजेच नाथसागर जलाशयाचे, फोटो वर्तमानपत्रांत वर्षातून दोनदा दिसतात. दरवाजे उघडले की फेसाळत्या पाण्याचे आणि मे महिन्यात भेगाळलेल्या तळाचे. त्या भेगांच्या फोटोखाली नेमकी जागा आणि तारीख क्वचितच असते. मधल्या काळात पाणी कसकसे उतरत गेले, गाळपेर (पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी) कधी सुरू झाली, जलपर्णी कुठवर आली, पक्षी कोणत्या आठवड्यात उतरले, याचे चित्र कुणाकडेच राहत नाही. म्हणून आपल्या मराठवाडा पानावर नाथसागराच्या काठाचा रोज एक फोटो छापावा, अशी विनंती आहे. एकच जागा, एकच दिशा, एकच वेळ आणि दोन कॉलमांची रुंदी, एवढे पुरे.

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अशी रोजची छायाचित्र-डायरी ठेवणारी माणसे आहेत. विषय साधेच असतात: बंदरातल्या होड्या, ओल्या दोऱ्या, वाळूवरच्या खुणा. तिथे खरी अडचण भरती-ओहोटीची. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. घड्याळ पाहून रोज आठला फोटो काढला, तर आज होडी पाण्यावर दिसते आणि आठवड्याने तीच चिखलात टेकलेली दिसते. म्हणून तिथे फोटोसोबत भरतीचे वेळापत्रक ठेवावे लागते. उजेडाचेही तसेच. अॅबरडीनला डिसेंबरात दिवस पावणेसात तासांचाही भरत नाही, जूनमध्ये जवळपास अठरा तासांचा होतो. पैठणला हा फरक साधारण अकरा ते सव्वातेरा तासांचा, त्यामुळे आपल्याला वर्षभर एकच वेळ पाळता येते.

नाथसागरालाही एक भरती-ओहोटी आहे, फक्त तिचा फेरा वर्षाचा आहे. पावसाळ्यात चढायचे आणि पुढच्या जूनपर्यंत उतरायचे. काठ सपाट असल्याने हा फरक नजरेत भरतो. उतार शंभरास एक असेल, तर पाणी एक फूट उतरले की काठ शंभर फूट मागे जातो. बातमीतला पातळीचा आकडा वाचून हे कळत नाही, फोटोत कळते.

आता पद्धत. उभे राहण्याची जागा पूर्ण साठ्याच्या पातळीच्या, म्हणजे समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांच्या, वर निवडावी. उन्हाळ्यात पाण्याजवळ खूण केली तर सप्टेंबरात ती बुडते आणि वर्षाची मालिका तुटते. पक्क्या दगडावर रंगाने दोन पावलांची खूण करावी. चौकटीत न हलणाऱ्या दोन वस्तू एका रेषेत घ्याव्यात: जवळचा विजेचा खांब आणि त्याच्या मागे दूरचा कळस किंवा टेकडी. खांब कळसाच्या डावीकडे सरकलेला दिसला, की आपली जागा चुकली हे लगेच समजते. झाड मात्र खुणेला घेऊ नये. वेडी बाभूळ वर्षात ओळखू येणार नाही इतकी वाढते, आणि तोडलीही जाते.

पैठणच्या बाजूने पाणी पश्चिमेला पसरलेले आहे. म्हणून सकाळी आठची वेळ उत्तम, कारण ऊन पाठीशी राहते. संध्याकाळी तेच ऊन थेट भिंगात शिरते आणि काठ काळा पडतो. हिवाळ्यात सूर्य खाली असल्याने आपलीच लांब सावली चौकटीत येते. तेव्हा जागा न सोडता फोन थोडा वर धरावा, पण क्षितिज ठरलेल्या रेषेच्या खाली जाऊ देऊ नये. पडद्यावर जाळीच्या रेषा सुरू ठेवल्या की क्षितिज तिरके होत नाही.

मोबाईल पुरेसा आहे, मात्र भिंग रोज एकच वापरावे. रुंद भिंगाने पाणी दूर गेल्यासारखे दिसते, झूमने जवळ आल्यासारखे. दोन तारखांची तुलना त्यामुळे खोटी ठरते. पाण्याच्या कडेवर बोट दाबून धरावे, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो. नाहीतर फोन आभाळाचा हिशेब धरतो आणि जमीन अंधारते. पांढऱ्या रंगाचा समतोल (व्हाइट बॅलन्स) ‘ऑटो’वर न ठेवता ‘डेलाइट’वर ठेवावा. पहिल्या पुराचे तांबूस गढूळ पाणी ऑटोमध्ये फिक्कट होऊन जाते, आणि आपल्याला तर तोच रंग नोंदवायचा आहे. रंग खुलवणारी फिल्टरे बंद. भिंग रोज सुती फडक्याने पुसावे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धूळ बसते, तिकडे समुद्राच्या तुषारांचे मीठ बसते. ते कोरडे घासले तर भिंगावर ओरखडे येतात, म्हणून तिथे आधी गोड्या पाण्याने ओले केलेले फडके लागते.

धुके आले म्हणून फोटो टाळू नये. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला थंड समुद्रावर उबदार हवा आली की दाट धुके चढते. तिथे त्याला ‘हार’ म्हणतात. आपल्याकडे थंडीत पहाटे पाण्यावर वाफ दिसते ती उलट्या कारणाने: पाणी उबदार आणि हवा गार. धुक्यात काही न दिसणारा फोटोही त्या दिवसाची नोंदच आहे.

पक्ष्यांबद्दल विशेष सांगावेसे वाटते. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. स्कॉटलंडमधल्या माँट्रोझच्या खाडीत शरद ऋतूत आइसलंडकडून गुलाबी पायांचे हंस उतरतात, तसे आपल्याकडे थंडीत हिमालयापलीकडून पट्टकादंब हे हंस येतात. ते जवळून टिपण्यासाठी काठावर पुढे जाऊ नये, ड्रोन तर मुळीच उडवू नये. थवा उठला की त्यांचे चरणे मोडते. धरणाची भिंत आणि दरवाजे यांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत, आणि मासेमारी करणाऱ्या भोई बांधवांचे चेहरे त्यांना विचारूनच घ्यावेत.

फाइलचे नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे ठेवले तर संगणक आपोआप क्रम लावतो. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर तो बारीक होतो आणि त्यातली वेळेची नोंदही जाते. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. फोटो चार एमबीचा धरला तरी वर्षाचे दीड जीबीच्या आसपास होतात, तेव्हा तीन ठिकाणी प्रती ठेवणे सहज जमते. एखादा दिवस चुकला तर चौकट कोरी छापावी. कालचा फोटो आज लावला की सगळ्या मालिकेवरचा विश्वास जातो.

फोटोखाली तारीख, वेळ, दिशा आणि त्या दिवशीची पातळी फुटांत द्यावी. सुरुवात १५ ऑक्टोबरला करावी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार त्या तारखेच्या साठ्यावरच वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे की नाही, हे ठरते. त्या दिवशी पाणी कुठे होते, ते निदान फोटोत तरी राहील.

आपला,
एक वाचक, पैठण