खो पाठीवर देणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

पोरी तुम्हाला दादा म्हणतात, म्हणून वयाने मोठी असून मीही तेच म्हणते. समोर आलं की डोळे भरून येतात आणि बोलायचं राहून जातं, म्हणून चारचौघांत लिहूनच टाकते.

माझ्या लेकीला कमी ऐकू येतं. खेळताना कानाचं मशीन काढून ठेवावं लागतं, मग जवळजवळ काहीच नाही. तुमच्याआधी आम्ही बरेच उंबरे झिजवले. एका क्रिकेट क्लासने "रनचा कॉल कसा ऐकणार?" म्हणून परत पाठवलं. शाळेत तिला खेळाच्या तासाला पाण्याच्या बाटल्या राखायला बसवायचे आणि वर आम्हालाच सांगायचे, "तिच्या भल्यासाठीच." एका सरांनी बुद्धिबळ सुचवलं. घरात दोन मिनिटं एका जागी न टिकणाऱ्या पोरीला!

तुमच्याकडेही सुरुवातीला ती खो मिळाल्यावर उशिरा उठायची. बाकीच्या वैतागायच्या. हाताशी आलेला गडी निसटला की कोणीही वैतागेल, त्यांना मी दोष देत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही फर्स्ट-एडच्या डब्यातला कापूस दोन्ही कानांत कोंबलात, वरून रुमाल आवळलात, तिच्या जागेवर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "द्या मला खो." पहिली ओरडली, पण बोटं जेमतेम शर्टाला लागली. तुम्ही बसलेलेच. दुसरीचा आधी आवाज, मागाहून हात. पोरी खिदळायला लागल्या. तुम्ही रुमाल सोडलात आणि एवढंच म्हणालात, "ती उशिरा उठत नाही. आपण खो उशिरा देतो."

खिदळणं जागच्या जागी थांबलं. माझ्या हातातली पिशवी खाली पडली, तेही मला नंतर कळलं.

पाठीला हात लावायचा आणि मोठ्याने 'खो' म्हणायचं, नियमात दोन्ही आहे. बसलेलीला मागून येणारी दिसतच नाही. पण हाताकडे लक्ष द्यायचं इतक्या वर्षांत कोणाला सुचलं नव्हतं. आता पूर्ण तळवा बसतो. शिट्टी झाली की सगळ्याजणी हात वर करतात. हे म्हणे कॅप्टननेच सुरू केलं.

तुमच्या संघात उंच पोरगी खांबापाशी असते, आईच्या फुलांच्या गाडीवरून धावत येणारी रोज उशिरा पोचते तरी तिला कोणी टोमणा मारत नाही. माझी लेक हुलकावणीला सहसा फसत नाही, कारण तिची नजर समोरचीच्या पावलांवर असते. हे तुम्ही हेरलंत, आम्हाला घरात कधी दिसलं नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात आपल्या महिलांनी नेपाळला 78-40 ने हरवलं, तो सामना तिने मोबाइलवर मागे-पुढे करून पाहिला. स्कोअरकडे लक्ष नाही, सारखी पाठीवरचे हात बघत होती.

मुंबईत कोणाला कोणासाठी वेळ नाही म्हणतात. तुम्ही ड्यूटी संपवून, गर्दीची लोकल पकडून मैदानावर येता आणि आल्या आल्या आधी तिचं मशीन डब्यात नीट ठेवलंय ना ते बघता. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं.

आणि हो, या महिन्याची फी "राहू द्या ताई" म्हणालात तर मात्र भांडण होईल.

तुमच्या संघातल्या एकीची आई