झेरॉक्सच्या दुकानात भेटलेल्या काकांना, थोरियमसाठी आणि छत्रीसाठी थँक्यू

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. तीन दिवस रोज तासभर बोलूनही मी ते विचारलं नाही, नंबर घेणं तर लांबच, त्यामुळे आता हे असं सगळ्यांसमोर लिहायची वेळ आलीये, कोणी ना कोणी वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल. खूण सांगते. अप्पा बळवंत चौकाजवळच्या बोळातलं झेरॉक्सचं दुकान, जून संपत आलेला, तुम्ही पासबुकाच्या झेरॉक्स काढायला आला होतात, फिकट निळा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं. आणि मी ती बाई जिच्या हातातली चाळीस-पन्नास पानं मशीनपाशी पसरली, तुम्ही वाकून गोळा करायला लागलात आणि एका पानावर मधेच थांबून म्हणालात, "हे थोरियमचं प्रोफाइल का?" त्या चौकात लोक दहावीची गाइडं मागतात हो, थोरियम कोणी ओळखत नाही, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

थोडं माझं सांगते म्हणजे तुम्ही काय केलंत ते बाकीच्यांना कळेल. एमेस्सी अर्धवट सोडून नऊ वर्षं झाली होती, मुलगा तिसरीत गेला तेव्हा परत ॲडमिशन घेतली. वर्गातली पोरं आधी मला मॅडम म्हणायची, मग ताई म्हणायला लागली. सेमिनारला विषय आला, समुद्राच्या पाण्यातली नैसर्गिक किरणोत्सारी मूलद्रव्यं खाली बसणाऱ्या कणांबरोबर कशी निघून जातात. राहायला पुण्यात, पाणी बघायचं ते खडकवासल्याचं, आणि विषय समुद्राचा! गाइड सरांना विचारलं तर म्हणाले वाचत जा, येईल आपोआप. तीन आठवडे वाचलं, आपोआप काही आलं नाही. कॉलेजचं नाव घेत नाही, सर वाईट नाहीत, पण "येईल आपोआप" हे वाक्य शिकवणाऱ्याने बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तर तो ग्राफ, म्हणजे ते प्रोफाइल. वरून खाली खोली, युरेनियम-२३८ ची रेघ सरळ दोरी सोडल्यासारखी खाली, आणि थोरियम-२३४ ची रेघ वरच्या साधारण शंभर मीटरमधे पोटात गेलेली, मग खाली जाऊन दोन्ही एकाला एक चिकटलेल्या. मी स्लाइडवर लिहिलं होतं की वरच्या पाण्यात लाटांमुळे मोजमापात चूक येते. तुम्ही ते वाचलंत आणि हसला नाहीत. दुसरा कोणीही हसला असता, नंतर मला स्वतःलाच हसू आलं. तुम्ही पेनाने त्या पोटात गेलेल्या भागावर तिरप्या रेघा मारल्यात आणि म्हणालात, "चूक नाहीये ही. सगळी गंमत ह्या खड्ड्यातच आहे. चहा घ्याल का?"

अमृततुल्यमधे बसून एका खराब झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही मेस काढलीत. चक्क मेस, आपल्या सदाशिव पेठेतली असते तशी. मावशी एकाच वेगाने पोळ्या लाटतायत, हे युरेनियम. युरेनियम पाण्यात कार्बोनेटशी जोडी करून निवांत विरघळून राहतं, लाखो वर्षं राहतं, त्यामुळे उघड्या समुद्रात कुठेही जा, ते जवळजवळ सारखंच, लिटरमागे साधारण ३.३ मायक्रोग्रॅम, खारटपणाच्या प्रमाणात थोडं कमीजास्त. त्याचा अणू फुटला की थोरियम-२३४ तयार, ही पोळी. पोळ्यांची चवड वाढली की पोरं जास्त खातात, कमी झाली की कमी खातात, शेवटी जेवढ्या येतात तेवढ्याच जातात आणि चवडीची उंची ठरून जाते. इथे खाणं म्हणजे थोरियमचं स्वतःहून फुटणं, २४.१ दिवसांत निम्मं. "आता मागच्या दाराने कोणी डबे भरून नेत असेल तर?" असं विचारून तुम्ही कटिंग चहाचा घोट घेत थांबलात, आणि मला कळलं. चवड ठरलेल्या उंचीपेक्षा बुटकी दिसणार. डबेवाला (म्हणजे खाली बसणारे कण) दिसला नाही तरी किती डबे गेले ते चवडीवरूनच कळणार. आणि पोळी अशी महिन्याच्या आतच निम्मी होणारी असल्यामुळे चवडीवरून कळतं ते गेल्या काही आठवड्यांचंच, मागच्या वर्षीचं नाही.

काका, तीन आठवडे मी त्या ग्राफमधे जे आहे ते वाचत होते, जे नाहीये ते वाचायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी माझी अडचण तुम्ही लगेच ओळखलीत. थोरियम आणि युरेनियम "सारखे" असतात म्हणजे अणू सारखे की काय असा माझा गोंधळ होता. तुम्ही म्हणालात मिनिटाला किती फुटतात ते सारखं. मग मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब मांडून दाखवलात: लिटरभर समुद्राच्या पाण्यात युरेनियम-२३८ चे अणू आठावर पंधरा शून्यं एवढे, त्यातले मिनिटाला जेमतेम अडीच फुटतात, कारण त्याला निम्मं व्हायलाच ४४७ कोटी वर्षं लागतात. आणि तेवढाच टिकटिकाट करायला थोरियम-२३४ चे अणू लागतात फक्त सव्वा लाखाच्या आसपास. सव्वा लाख अणू म्हणजे वजनात काहीच नाही, कुठल्याही तराजूवर येणार नाही, आणि त्यांच्या जिवावर लोक समुद्राचं पोट ओळखतात! तेव्हा शेजारच्या टेबलावरचे दोघं आपल्याकडे बघायला लागले होते हे तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही.

आणि तो शब्द. मी स्लाइडवर "अपमार्जन" लिहिलं होतं, कुठल्यातरी कोशातून उचललेलं. तुम्ही म्हणालात हे वाचून मलाच काही कळत नाही, पोरांना काय कळणार, "वेचून नेणं" लिही. (दुसऱ्या चहाला तुम्ही मला अगं-तुगं करायला लागला होतात, बरं वाटलं.) कचरा वेचणाऱ्या ताई गल्लीतून जाताना जे चिकटेल, अडकेल ते पोत्यात घेऊन जातात तसं, मेलेल्या शेवाळाचे तुकडे, डायटम नावाच्या बारीक शेवाळाची कवचं, बारक्या प्राण्यांची विष्ठा, चिकट शेंबडासारखे धागे, मातीचे कण, ह्या सगळ्याचे पुंजके पाण्यातून खाली जाताना थोरियम वेचून नेतात. थोरियमला पाण्यात राहायलाच आवडत नाही, समोर पृष्ठभाग दिसला की चिकटलं. युरेनियम शेजारून जातं आणि ढुंकून बघत नाही. बाप आणि मुलगा एकाच पाण्यात, स्वभाव बघा.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोटीवरचं सांगितलंत ते मला सगळ्यात जास्त आठवतं. चार लिटर पाणी घ्यायचं, थोडं अमोनिया, मग पोटॅशियम परमँगनेट, मग मँगनीज क्लोराइड, आणि बघता बघता पाण्यात तपकिरी गढूळपणा तयार होतो. परमँगनेट म्हणजे आमच्या आजोळी विहिरीत टाकायचे ते लाल औषध, एवढं मला माहीत होतं. काही तास थांबायचं, तो तपकिरी मँगनीज डायऑक्साइड सगळं थोरियम ओढून घेतो, म्हणजे समुद्रातले कण जे करतात तेच आपण कॅनमधे करायचं. मग गाळायचं, रुपयाच्या नाण्याएवढी तपकिरी चकती, ती वाळवून काउंटरमधे, म्हणजे किती फुटतात ते मोजायच्या यंत्रात. तुम्ही म्हणालात जुलैत अरबी समुद्रात बोट अशी हलते की गाळायची नरसाळी सुतळीने बांधून ठेवावी लागतात, आणि परमँगनेटचे डाग नखांवरून आठवडाभर जात नाहीत, घरी बायको विचारायची विडी ओढायला लागलात का. आणि तीच चकती सहा महिन्यांनी परत मोजायची. तोवर थोरियम-२३४ संपलेलं असतं, उरते ती टिकटिक दुसऱ्या कशाचीतरी, ती आधीच्या आकड्यातून वजा करायची. सहा महिने एका चकतीसाठी थांबायचं ही गोष्टच मला फार आवडली, आमच्याकडे सेमिनारची तारीख आठ दिवस आधी कळते.

मग तुम्ही सहज म्हणालात की ह्या खड्ड्याचं सुरुवातीचं मोजमाप कुठे झालं माहितीये का, मुंबईत, कुलाब्याला, टाटा इन्स्टिट्यूटमधे. १९६९ चा पेपर, भट, कृष्णस्वामी, लाल, रामा आणि मूर. मी घरी जाऊन शोधला, खरंच आहे. पुढे त्यातले देवेंद्र लाल १९७२ मधे अहमदाबादच्या पीआरएलचे (भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे) डायरेक्टर झाले आणि हे काम तिकडे चालत राहिलं. मी वाचलेल्या सगळ्या पेपरांत अमेरिका, जर्मनी असंच दिसत होतं, मला वाटायचं आपण नुसते वाचणारे. आपल्या अरबी समुद्राचंही तसंच, गोव्याच्या एनआयओच्या (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या) लोकांनी जर्मन लोकांबरोबर खोल पाण्यात गाळ पकडायची नरसाळी लावून १९८९ मधे दाखवलं की पावसाळी वारे सुटले की तळाकडे पडणारे कण वाढतात. म्हणजे आपण इकडे सिंहगड रोडवर ट्रॅफिकमधे भिजत असतो तेव्हा तिकडे खाली वेचणी जोरात चालू असते.

तिसरा दिवस थोरियम-२३० चा, थोरियमचाच दुसरा प्रकार. ते पंचाहत्तर हजार वर्षांत निम्मं होतं, पण पाण्यात राहतं फक्त वीस ते चाळीस वर्षं, कारण वेचलं जातं. मी विचारलं एकदा चिकटलं की थेट तळापर्यंत का? तुम्ही म्हणालात नाही, पीएमटीच्या बससारखं (आता ती पीएमपी, पण अजून पीएमटीच म्हणता तुम्ही, माझे वडीलही), लोक चढतात उतरतात, परत दुसऱ्या बसमधे चढतात, पण बस सगळ्या खालीच चालल्यात. म्हणून खोल जावं तसं ते जवळजवळ सरळ रेघेत वाढत जातं. बेकन आणि अँडरसनचा १९८२ चा पेपर मी चार वेळा वाचला होता, बस मला तुमच्यामुळे दिसली. आणि त्याचा भाऊबंद प्रोटॅक्टिनियम-२३१, तो युरेनियम-२३५ पासून होतो, चिकटण्याची घाई कमी, शे-दोनशे वर्षं पाण्यात रेंगाळतो, त्यामुळे जन्मला तिथेच खाली न पडता प्रवाहाबरोबर वाहत जाऊन किनाऱ्याकडे किंवा अंटार्क्टिकाभोवती डायटमची कवचं पुष्कळ असतात तिथे जाऊन बसतो. दोघं जन्मतात ठरलेल्या प्रमाणात, मिनिटाला फुटण्याच्या हिशेबात प्रोटॅक्टिनियम भागिले थोरियम ०.०९३, तळाच्या गाळात ते प्रमाण बिघडलेलं दिसलं की कोण कुठे वाहून गेलं ह्याचा माग लागतो. इथे पाऊस सुरू झाला आणि मला पुढचं नीट ऐकू आलं नाही, पत्र्यावर आवाज फार होता.

घरी सासूबाईंना हे सांगितलं तर पहिला प्रश्न, समुद्रात युरेनियम असतं तर सुरमई खायची का नाही. मी सांगितलं की समुद्राच्या पाण्यातली जास्तीत जास्त टिकटिक पोटॅशियम-४० ची असते, लिटरमागे सेकंदाला बाराच्या आसपास, युरेनियम-२३८ ची त्याच्या साधारण तीनशेव्या हिश्शाएवढी. माशांमधे पोलोनियम-२१० (तेही युरेनियमच्याच वंशातलं) जातं हेही खरं, कारण ते नुसतं वरून चिकटत नाही, पेशीच्या आत प्रथिनांत शिरतं, पण ते माणसाने टाकलेलं नाही, मासे आहेत तेव्हापासून आहे. त्या म्हणाल्या बरं, मग रविवारी आण.

सेमिनार झाला काका. (खाली जाणाऱ्या कणांबरोबर कार्बनही खाली जातो, तो किती ते काढायलाच हा थोरियमचा खटाटोप.) बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी विचारलं, थोरियम किती गेलं ते कळलं, कार्बन किती गेला हे कशावरून म्हणता? हा प्रश्न येणार असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, पंपाने पाणी गाळून मोठे कण धरायचे, त्यांच्यावर एका थोरियममागे किती कार्बन आहे ते मोजायचं आणि गुणायचं, पण ते प्रमाण कणाच्या आकाराप्रमाणे, खोलीप्रमाणे, जागेप्रमाणे बदलतं आणि सगळ्या हिशेबातली दुखरी जागा तीच आहे. बाई पुढे झुकल्या. "दुखरी जागा" हे शब्द तुमचे, मी ढापले. नंतर विचारलं, १९६९ चा पेपर गाइडने दिला का? मी खरं ते सांगितलं की झेरॉक्सच्या दुकानात मिळाला. हॉलमधे हशा झाला, सर पण हसले.

मेसचं चित्र असलेलं ते पान मी फाइलला लावलंय, चहाचा गोल डाग आहे त्यावर. पोरं फोटो काढून घेऊन गेली.

आता छत्री. तिसऱ्या दिवशी तुम्ही ती माझ्या हातात कोंबलीत, प्रिंट भिजतील म्हणून, आणि स्वतः रुमाल डोक्यावर टाकून बसस्टॉपकडे पळालात, उद्या दे म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी अकरापासून थांबले, त्याच्या पुढच्या आठवड्यातही दोनदा येऊन गेले, तुम्ही काही दिसला नाहीत. दुकानातले दादा म्हणाले तुम्ही नेहमीचे नाही, बहुतेक कुणाकडे तरी आला होतात. काळी, लांब दांड्याची, मुठीला पांढरा दोरा गुंडाळलेला आणि एक काडी जराशी वाकडी (ती आधीपासूनच वाकडी होती, मी नाही केली). दुकानात दादांकडे ठेवलीये, काउंटरच्या मागे, मशीनच्या डाव्या बाजूला. तिच्याबरोबर एक पाकीट आहे, त्यात माझा नंबर आणि सेमिनारची एक कॉपी आहे. पान ११ वर पोलोनियमचं मी काहीतरी घोळ घातलाय असं मला वाटतंय, तेवढं बघा. दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं.