बर्लिनला परत जातेय, आणि तुम्ही सांगली सोडू नका

ट्युबिंगन, रविवार

प्रिय आई-बाबा,

बाबांना सा. न. वि. वि., आई तुला नुसतंच हाय. परवा व्हिडिओ कॉलवर दादाच जास्त बोलत होता आणि बाबा "बरं बरं, बघू" म्हणून विषय संपवतात, म्हणून म्हटलं लिहूनच टाकावं. बाबा, प्रिंट काढून आईला द्या, मोबाईलवर तिला बारीक दिसतं.

पहिली बातमी म्हणजे बर्लिनची नोकरी मी घेतली, ऑक्टोबरपासून जॉईन. आई, तू आता म्हणणार की एवढं शांत, नदीकाठचं गाव सोडून परत त्या गर्दीत कशाला मरायला जातेस. तुला फोटोत ट्युबिंगन भारी आवडतं माहितीये मला, नेकार नदी, काठावरची रंगीत घरं, आणि पोरं लांब बांबूसारख्या काठीनं ढकलत नेतात त्या होड्या. छानच आहे ते, मी कुठं नाही म्हणते? १४७७ सालचं विद्यापीठ, ९० हजाराच्या आसपास वस्ती आणि त्यात २५ हजारांच्या वर विद्यार्थी, सगळीकडे सायकलनं जाता येतं. बाबा, गंमत बघा, सांगली-मिरज-कुपवाड मिळून २०११ च्या जनगणनेत ५ लाखांच्या वर होतं, म्हणजे आपलं "गाव" माझ्या या "शहरा"च्या पाचपट मोठं आहे!

पण मला इथे कोंडल्यासारखं होतं. का ते सांगते. आमच्या बिल्डिंगमध्ये केअरवोखं म्हणून प्रकार आहे, जर्मनीच्या या श्वाबेन भागातली जुनी पद्धत. पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी अडकवलेली सापडते, की त्या आठवड्यात जिना तुमच्याकडे. झाडायचा, पुसायचा, कठडा पुसायचा, बाहेरच्या फरशीवरची पानं गोळा करायची. काम काही नाही गं, आपल्याकडे अंगण झाडतोच की. पण खालच्या मजल्यावरच्या आजी नंतर येऊन कठड्यावरून बोट फिरवतात, खालच्या बाजूनं, जिथे कुणाचा फडका जात नाही तिथे, आणि मग ते बोट माझ्यासमोर धरतात. बोलत काहीच नाहीत. रविवारी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या तर आवाज होतो म्हणून ते पण त्या सांगून गेल्या. माझ्याकडे कोण आलं, किती वाजता गेलं, सगळं माहिती. सांगलीत आपल्या गावभागात समोरच्या काकू असंच करतात, पण त्या निदान नंतर वाटीभर आमटी तरी पाठवतात, इथे नुसतीच चौकशी!

बर्लिनमध्ये ३६ लाखांच्या वर माणसं राहतात आणि त्यातल्या एकालाही माझ्या जिन्याशी घेणंदेणं नाही. मला ते आवडतं, तुम्हाला विचित्र वाटेल पण खरंच आवडतं. शुक्रवारी-शनिवारी रात्रभर मेट्रो चालू असते, दीड वाजता नॉयकोल्नला उतरायचं, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घ्यायचं आणि घरी, कुणी मान वर करून बघत नाही. साडी नेसून गेले तरी नाही आणि पायजम्यात गेले तरी नाही. सांगलीत मी वाढले, तिथे प्रत्येक चौकात बाबांचा कुणीतरी ओळखीचा असायचाच, वाईट काही नव्हतं पण आता नको वाटतं.

घाण आहे, ते पण सांगून ठेवते. काही स्टेशनांवर रात्री नाक दाबूनच उतरावं लागतं. आणि घर मिळवणं म्हणजे स्थळ बघण्यासारखं, पगाराच्या स्लिपा, बँकेचा दाखला, फोटो, दोन ओळी स्वतःबद्दल, एवढं करून समोरून उत्तरच येत नाही.

बाबा, तुम्हाला टेम्पलहोफ आवडेल. विमानतळ होता, २००८ ला बंद केला आणि २०१० ला लोकांसाठी उघडला, ३०० हेक्टर मोकळं रान शहराच्या मध्यात, लोक धावपट्टीवर सायकल चालवतात. तिथे कडेनं घरं बांधायची म्हणून सरकार निघालं तर २०१४ ला मतदान घेऊन लोकांनी नाही म्हणून सांगितलं. घरांची एवढी बोंब असताना बरोबर केलं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण संध्याकाळी तिथे वाऱ्यात बसलं की मत त्यांच्याच बाजूनं झुकतं.

आता दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. दादा म्हणतो घर विका आणि पुण्याला, वाकडला या. त्याचा जीव तुटतो ते कळतं मला, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, आणि तुम्ही दोघं माळ्यावर सामान चढवत होता. तेव्हा मी इथे बसून फोन लावत होते तो लागत नव्हता, ते मी विसरणार नाही. पण पूर हे गावभाग सोडायचं कारण झालं, सांगली सोडायचं नाही. वाकडला अकराव्या मजल्यावर दिवसभर करणार काय तुम्ही? दादा-वहिनी सकाळी जातात ते रात्री येतात, रस्ता ओलांडायचा तर आईच्या गुडघ्यांचं काय, आणि बाबा सकाळी गणपतीच्या देवळात जाऊन मग मारुती चौकातून भाजी, दोन तास गप्पा, हे तिथे कुठून आणणार? डॉक्टरांचं म्हणाल तर मिरजेत हॉस्पिटलं काय कमी आहेत? पुण्याचे लोकसुद्धा पूर्वी मिरजेला ऑपरेशनला यायचे असं तुम्हीच सांगता.

मला मोठं शहर आवडतं म्हणून तुम्हाला आवडलंच पाहिजे असं काही नाही. आणि दादाला पुणे सोयीचं म्हणून पण नाही. तुमच्या वयाला ओळखीची माणसं लागतात, मला या वयात अनोळखी लागतात, बस.

तर असं करा. विश्रामबागकडे फ्लॅट बघा, २०१९ ला पाणी आलं नाही अशाच बाजूला, आणि ब्रोकरच्या तोंडाकडे बघू नका, शेजारच्या किराणावाल्याला विचारा पाणी कुठवर होतं, त्याला इंच न् इंच आठवत असेल. दुसरा-तिसरा मजला, लिफ्ट पाहिजेच, आणि लाईट गेली तर लिफ्टला बॅकअप आहे का ते बघा. जुनं घर लगेच विकू नका, खालचा भाग भाड्यानं द्या. पैशाला मी आहे, दादाशी मी बोलते, तुम्ही मध्ये पडू नका नाहीतर तो आईला रडवून होकार घेईल.

बर्लिनचा पत्ता मिळाला की कळवते, तोवर भडंग पाठवू नका, आजी पार्सल उघडून बघायच्या!

तुमची,
छोटी