संशयिताला संदिग्ध म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ‘दोन संदिग्ध ताब्यात’ असा मथळा होता आणि खाली बातमी वाहनचोरीची. हिंदी वर्तमानपत्रांत हा शब्द रोज असतो, आणि तिथे तो चूक नाही. संदेह आणि संदिग्ध एकाच धातूतून आलेले, त्यामुळे ज्याच्यावर संशय तो संदिग्ध, असे हिंदीने ठरवले तर आपण कोण बोलणारे? इंदुरात राहायचे म्हणजे पोह्यांच्या दुकानापासून तोच शब्द कानावर पडायचा. वार्ताहराच्या हातून तो सहज उतरला असणार. पण मराठीत असा माणूस संशयित असतो आणि त्याचे वागणे संशयास्पद. संदिग्ध असते ते बोलणे, लिहिणे, एखादे कलम.

मी जिल्हा न्यायालयाबाहेर दस्तलेखक होतो. दस्तात एक शब्द दोन्हीकडे झुकला की दोन घरे वर्षानुवर्षे भांडतात, हे रोज पाहिले. १८७२च्या पुरावा कायद्यात याची दोन झकास उदाहरणे होती. (तो कायदा १ जुलै २०२४पासून गेला, नवा आला.) ‘माझा पांढरा घोडा’ हजार रुपयांना विकायचा करार झाला आणि मालकाकडे पांढरे घोडे दोन निघाले, तर कोणता घोडा अभिप्रेत होता याचा पुरावा देता येतो. पण घोड्याची किंमतच कागदावर ‘१,००० किंवा १,५०० रुपये’ अशी लिहिली असेल, तर नक्की कोणती ठरली होती हे सांगायला साक्षीदार आणता येत नाही. लिहिणाऱ्याने भोगावे! दोन्हीकडे अर्थ दोन, आणि दोन्ही अगदी स्वच्छ. गोंधळ आहे तो यातला कोणता धरायचा याचा. संदिग्ध म्हणतात ते याला.

आता ‘लवकरच योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे घ्या. यालाही आपल्याकडे सर्रास संदिग्ध उत्तर म्हणतात. यात दोन अर्थ कुठे आहेत? धड एकही नाही. कोण करणार, काय करणार, कधी, सगळा तपशील गाळलेला. हे मोघम. काही जण मोघमला अमोघच्या विरुद्ध समजतात, तेही बरोबर नाही. संस्कृतात मोघ म्हणजे व्यर्थ. मराठीतले मोघम बोलणे मात्र बोलणाऱ्याच्या फार कामाचे असते. अमोघ वक्तृत्वाची मंडळीच त्यात पटाईत. ‘हो’ही नको आणि ‘नाही’ही नको, म्हणून ‘पत्रिका बघून कळवतो’ म्हणणारे गुळमुळीत बोलतात, आणि ज्याचा विचारच सैल तो भोंगळ. हे सगळे एका संदिग्धात कोंबायचे आणि वर त्यात चोरही बसवायचे, हे काही ठीक नाही.

मराठी लिहिले म्हणजे आपोआप स्पष्ट झाले, असेही नाही हो. आमच्या वसाहतीच्या मंडळाने मागे रहिवाशांना पत्र वाटले : ‘नर्मदेचे पाणी कमी दाबाने येत असल्याने आपण महापालिकेकडे अर्ज करावा, असे ठरले.’ आपण म्हणजे तुम्ही, की तुम्ही-आम्ही मिळून? रहिवासी समजले, मंडळ सगळ्यांच्या वतीने अर्ज देणार. मंडळ समजले, ज्याचा त्याने द्यायचा. उन्हाळाभर वरच्या मजल्यावरची मंडळी बादल्या घेऊन जिन्यात, आणि अर्ज कोणाचाच नाही. हिंदीत ‘आप’ किंवा ‘हम’ लिहावेच लागले असते. इंदुरी ‘अपन’ असता तरी भागले असते, त्यात बोलणारा स्वतःला वगळून पळू शकत नाही. मंडळाच्या सचिवांना मी हे सांगितले, तर म्हणाले, “मजकूर जरा मोघम झाला खरा.” मोघम नव्हे हो, संदिग्ध! जिथे शब्द हवा होता तिथे नेमका सुचला नाही.

तेव्हा आपल्या उपसंपादकांनी पोलिसांच्या बातमीत ‘संशयित’ लिहावे, ‘संदिग्ध हालत में’ आले की ‘संशयास्पद स्थितीत’ करावे, आणि मंत्र्यांची उत्तरे छापताना ती संदिग्ध होती की मोघम, हे एकदा वाचून ठरवावे. या पत्राखाली ‘सूचनेचा योग्य तो विचार केला जाईल’ एवढे मात्र छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दस्तलेखक
रामबाग, इंदूर
(नाव छापू नये. जुने पक्षकार अजून कागद घेऊन येतात.)