किल्ली बोर्डावर, गाडी कोगनोळीपार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीचा हंगाम जवळ आला की जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या आम्हा व्यावसायिकांची यार्डे भरून जातात आणि त्याच सुमारास कोणाच्या ना कोणाच्या यार्डातून गाडी गेल्याचे कानावर येते. मग चर्चा ठरलेली असते : कुंपण उंच करा, कॅमेरे वाढवा, आणखी एक रखवालदार ठेवा. पुणे-बेंगळुरू महामार्गालगत शिरोलीजवळ माझे छोटे यार्ड आहे आणि असा एक फटका मी स्वतः खाल्लेला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की कुंपणावरून फार तर माणूस आत येतो. गाडी बाहेर जाते ती फाटकातून, किल्लीने. पुढे तिचा माग लागत नाही, याला चोराच्या चलाखीइतकीच आपल्या कागदपत्रांतली ढिलाई कारणीभूत असते.

सन २०२२ च्या पावसाळ्यात दोघेजण एक पांढरी हॅचबॅक पाहायला आले. एकाने बॉनेट उघडायला लावून माझ्या मुलाला इंजिनाचा आवाज, गाडी कुठे ठोकली होती का, अशा प्रश्नांत गुंतवले. दुसरा ड्रायव्हरच्या सीटवर बसून एसी आणि काचा तपासत राहिला. ‘घरी विचारतो आणि उद्या विसार देतो’ असे सांगून ते गेले. किल्ली परत मिळाली, तिला अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या लेबलावर आमच्याच हस्ताक्षरात गाडीचा नंबर होता, आणि नेहमीप्रमाणे ती ऑफिसातल्या बोर्डावर टांगली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जुन्या मालकांचा गडहिंग्लजहून फोन आला, ‘गाडी विकली वाटतं? पहाटे कोगनोळीला टोल कापल्याचा मेसेज आलाय.’ फास्टॅग अजून त्यांच्याच नावावर होता. मी बोर्डाकडे पाहिले, तर किल्ली जागेवरच होती. मात्र ती त्याच मॉडेलच्या दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची होती. आमचे लेबल तेवढे काढून तिला अडकवले होते. रखवालदाराने तर फाटक स्वतःच उघडून दिले होते, कारण दिवे लावून शांतपणे आलेल्या गाडीत आमच्यातलाच कोणी पोरगा असणार, अशी त्याची समजूत झाली.

खरा मनस्ताप यापुढचा. कोगनोळी नाका कर्नाटकात. आम्हाला चोरी कळेपर्यंत गाडी राज्याबाहेर गेलेली होती आणि पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला : गाडी कोणाच्या नावावर? आरसी बुकात नाव जुन्या मालकांचे, माझ्याकडे सह्या केलेले फॉर्म आणि डिलिव्हरी नोट. ते गृहस्थ गडहिंग्लजहून येऊन फिर्याद नोंदवेपर्यंत दुपार झाली. विम्याची पॉलिसीही त्यांच्याच नावावर होती आणि विमा कंपनीने मागितलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक परकी निघाली. दावा फेटाळला गेला. काही महिन्यांनी ‘अ’ समरी (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा पोलिसांचा अहवाल) होऊन प्रकरण बंद झाले.

ज्या त्रुटीने आमचा घात केला, तिच्यावर त्यानंतर कायद्यात तरतूद झाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याने परिवहन खात्याकडून पाच वर्षांचे अधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की नमुना २९ सी ऑनलाइन भरला जातो आणि तेव्हापासून तो व्यावसायिकच त्या गाडीचा मालक मानला जातो. शिवाय गाडी यार्डाबाहेर काढली की कोणत्या कामासाठी, कोणी चालवत नेली, किती वाजता आणि किती किलोमीटर, याची इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत नोंद करावी लागते. आमच्यातले अनेकजण याला ‘आणखी एक कटकट’ म्हणतात, आणि कोरे टीटीओ (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म कपाटात ठेवून धंदा करण्याची सवय जुनी आहे, हे मी नाकारत नाही. परंतु हीच तरतूद २०२२ मध्ये असती आणि नोंद पाहिल्याशिवाय फाटक उघडायचे नाही असा दंडक असता, तर रखवालदाराला अंदाज बांधावा लागला नसता आणि पोलीस ठाण्यात फिर्यादी म्हणून मलाच उभे राहता आले असते.

आता आमच्याकडे संध्याकाळी यार्ड बंद करताना त्या दिवशी हाताळलेली प्रत्येक किल्ली तिच्या गाडीत फिरवून पाहिली जाते आणि मगच लोखंडी पेटीत जाते. चाळीस गाड्या असल्या तरी दिवसभरात दहा-बारा गाड्यांच्या किल्ल्या निघतात, त्यामुळे या कामाला वीस मिनिटे पुरतात. दुसऱ्या किल्ल्या यार्डात ठेवतच नाही, त्या घरी असतात. बटणावर सुरू होणाऱ्या गाड्यांच्या किल्ल्यांचा सिग्नल बाहेरून पकडता येतो, म्हणून त्यांना झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. ट्रायलला आमचा माणूस बरोबर असल्याशिवाय गाडी हलत नाही. नुसती आधारची झेरॉक्स ठेवून किल्ली हातात देणे म्हणजे गाडी देऊन टाकणेच आहे. मागच्या रांगेतल्या गाड्यांच्या बॅटरीची एक वायर काढून ठेवतो (बॅटरी उतरत नाही, हा वरचा फायदा). महागड्या गाड्यांत दोन-तीन हजारांचा जीपीएस लपवतो. मात्र तो स्वतःची बॅटरी असलेला हवा, नाहीतर वायर काढताच तोही मुका होतो. कॅमेऱ्यांबद्दल एवढेच, की खांबावरून गाड्यांचे टप दिसतात, नंबरपाटी दिसत नाही, आणि चित्रण साठवणारा डीव्हीआर ऑफिसातच असला तर चोर तोही घेऊन जातो.

प्रशासनाकडे दोन विनंत्या आहेत. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने तालुकावार शिबिरे घेऊन या अधिकारपत्राचे आणि नमुना २९ सी चे काम समजावून द्यावे. लहान व्यावसायिक टाळाटाळ करतो ती बहुतेक वेळा एजंटाच्या खर्चाच्या भीतीने. दुसरे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्दीचा प्रश्न न काढता खबर घ्यावी लागते आणि ती ऑनलाइनही देता येते, सही तीन दिवसांत करायची असते. गाडी नावावर कोणाच्या, याचा खल त्या तीन दिवसांत खुशाल व्हावा, पण सीमेवरच्या नाक्यांना आणि शेजारच्या राज्यातील पोलिसांना नंबर पहिल्या तासात कळला पाहिजे.

जाता जाता एक गोष्ट. आमच्या बोर्डावर सापडलेली ती परकी किल्ली मुद्देमाल म्हणून जमा झाली. ती आमच्याआधी कोणत्या तरी यार्डातून अशीच बदलून आणलेली असावी, असा माझा तेव्हापासूनचा समज आहे. पांढऱ्या हॅचबॅकची किल्ली गेली किंवा बदलली गेली आहे का, एवढी विचारणा आसपासच्या जिल्ह्यांतील गाड्यांच्या व्यापाऱ्यांकडे झाली असती, तर त्या दोघांना आधी पाहिलेला कोणीतरी भेटला असता. पोलीस ठाणी आणि यार्डमालक यांचा जिल्हापातळीवर एक व्हॉट्सॲप गट केला, तर एवढे काम अर्ध्या तासात होईल.

आपला,
जुन्या गाड्यांचा एक व्यावसायिक,
शिरोली (पुलाची), जि. कोल्हापूर