माझ्या कपाळावरची टिकली ग्रुपवर कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारची पुरवणी माझ्या हातात सोमवारी पडते, कारण रविवारी ती शेजारी जाते. त्यामुळे अवतार स्टिकरवरचा, म्हणजे व्हॉट्सॲपवर स्वतःसारखं कार्टून बनवून पाठवतात त्यावरचा लेख मी काल दुपारी वाचला. रात्री पुन्हा वाचला. आज सकाळी देवपूजा आटोपल्यावर आधी हे पत्र लिहायला घेतलं आहे.

लेख चांगला लिहिला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खालच्या चौकटीबद्दल. नातेवाइकांनी पाठवलेल्या अवतारांचे स्क्रीनशॉट काढा, आम्हाला पाठवा, मजेशीर निघतील ते पुढच्या रविवारी छापू आणि पहिल्या तिघांना बक्षीस देऊ, असं तुम्ही जाहीर केलंत. ज्याचा अवतार आहे त्याला आधी विचारावं, असा एक शब्द त्या चौकटीत नाही. बाळांच्या फोटोंची स्पर्धा घेता तेव्हा पालकांची संमती हवी म्हणून ठळक टाइपात छापता. मग इथे संमती का नको? फोटो नाही, चित्र आहे, म्हणून?

त्या चित्राचं काय होतं ते मी सांगते.

माझा अवतार जानेवारी २०२३ मध्ये तयार झाला. व्हॉट्सॲपवर ती सोय आदल्याच महिन्यात आली होती. नात संक्रांतीला आली होती, ती माझा फोन घेऊन माझ्यासमोर बसली. हे तिच्या मागे उभे राहून सूचना देत होते. केस एवढे काळे नकोत, तुझी आजी रंग लावत नाही. चष्मा गोल नको, चौकोनी घे. हनुवटी जरा रुंद कर. टिकल्यांचं पान आलं तेव्हा नातीने बारीकशी निवडली, हल्लीच्या मुली लावतात तशी. हे म्हणाले, "मोठी लाव गं, तिची नेहमीची." मग मोठी गोल, मरून रंगाची लागली. छत्तीस स्टिकर तयार झाले. त्या छत्तीस बायका हसतात, रडतात, हात जोडतात, आणि सगळ्यांच्या कपाळावर तीच टिकली. यांना तो प्रकार इतका आवडला की दुसऱ्या खोलीतून मला माझाच स्टिकर पाठवायला सांगायचे.

ऑगस्ट २०२४ मध्ये हे गेले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की फोनमधल्या त्या बाईच्या कपाळावर अजून टिकली आहे. मुलगी फोनवरून सांगत गेली तसं मी ते पान उघडलं आणि टिकली काढायच्या खुणेवर बोट ठेवलं. कपाळ मोकळं झालं. बाई तशीच हसत होती. मी पुष्कळ वेळ बघत बसले आणि सेव्ह न करता बाहेर आले.

तेव्हा बाहेर जाताना मी टिकली लावत नव्हते. भाजीला निघाले, देवळात निघाले की काढून आरशाच्या कडेला चिकटवायची आणि घरी आले की पुन्हा लावायची, असं माझं चाललं होतं. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. मे २०२२ मध्ये हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड शिरोळ तालुक्यात, आमच्या मिरजेहून लांब नाही. ती बातमी यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली होती, तुमच्याच पेपरातली. पण ठराव ऐकणं वेगळं आणि सकाळी नऊ वाजता गल्लीतून चालत जाणं वेगळं. जे गल्लीत जमलं नाही ते निदान फोनमध्ये जपायचं, एवढंच मी ठरवलं होतं. ती टिकली यांनी निवडलेली होती.

पुढच्या जानेवारीत नणंदेच्या नातीचा पहिला वाढदिवस झाला. मी नणंदेच्या सुनेला सकाळी एक स्टिकर पाठवला, हसणारा, आणि खाली चार ओळींचा आशीर्वाद लिहिला. बाळाचं नाव घेऊन लिहिला होता, शब्द जुळवायला अर्धा तास लागला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही आलं, म्हटलं कामात असेल.

दुपारी कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट आला. त्या ग्रुपवर साठाच्या वर माणसं आहेत, त्यातली निम्मी मला फक्त लग्नात भेटतात. स्क्रीनशॉटमध्ये वर माझं नाव दिसत होतं, म्हणजे तिच्या फोनमध्ये मी ज्या नावाने आहे ते. "मिरज मामी पोस्ट". मध्ये माझा अवतार. आशीर्वाद कापला होता, पहिल्या ओळीची फक्त वरची शिरोरेघ राहिली होती. खाली तिने लिहिलं होतं, "मामींची हौस बघा", आणि पुढे हसणारे चेहरे. मग एकेकाने हसून घेतलं. कुणी लिहिलं, टिकली केवढी! शेवटी एका वडीलधाऱ्यांनी लिहिलं, "वर्ष तरी होऊ द्यायचं."

त्यानंतर ग्रुपवर कुणी बोललं नाही. तो स्क्रीनशॉट कुणी काढूनही टाकला नाही. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे.

मी सुनेला फोन केला. मुलगी मनाने वाईट नाही. ती म्हणाली, "मामी, नुसतं कार्टून तर आहे." तुमच्या लेखाचा सूरही तोच आहे. अवतार म्हणजे गंमत, त्याला मनावर काय घ्यायचं. संपादक महोदय, तो शेरा कार्टूनवर नव्हता. माझ्या कपाळावर होता. साठ माणसांना ते बरोब्बर कळलं, म्हणूनच पुढे सगळे गप्प झाले.

मी ३१ वर्षं पोस्टात नोकरी केली. पोस्टकार्ड उघडंच असतं, वाचायचं नाही म्हटलं तरी नजर जाते. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ज्याच्या घरी जायचंय त्याच्या आधी आम्हाला कळायचं की कोणी गेलं. कुंकू लावलेलं पाकीट आलं की लग्न ठरलेलं कळायचं. पण बाहेर आम्ही ब्र काढला नाही. १८९८ च्या पोस्टाच्या कायद्यात टपाल उघडणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा होती, पण कार्डाला कसलं आलंय उघडणं? तिथे कायदा नव्हता, रीत होती. ज्याचं पत्र त्याच्या हातात द्यायचं. नवा पोस्टमन आला की आमचे जुने सॉर्टर त्याला पहिल्या आठवड्यात हे एकच बजावायचे.

आता हातातल्या फोनची गोष्ट. मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, असं व्हॉट्सॲप २०१६ पासून सांगतं, आणि ते खरं आहे. पण घेणाऱ्यानेच चित्र काढून वाटलं तर त्यावर ते कुलूप चालत नाही. दुसऱ्याच्या प्रोफाइल फोटोचा स्क्रीनशॉट घ्यायला गेलं तर माझा फोन घेऊ देत नाही, मी स्वतः करून पाहिलं. एकदाच दिसणारा फोटो पाठवला तर त्याचाही घेता येत नाही. अवतार मात्र चॅटमध्ये स्टिकर म्हणून गेला की कुणीही घ्यावा, आणि पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. २०२५ मध्ये त्यांनी चॅटच्या खासगीपणासाठी एक जादा सोय आणली, तीही नातीने मला लावून दिली. तिच्यामुळे समोरच्याला अख्खं चॅट बाहेर काढता येत नाही, पण स्क्रीनशॉट येतोच. स्नॅपचॅटवर म्हणे कुणी स्क्रीनशॉट काढला की पाठवणाऱ्याला लगेच कळतं. एवढं तरी सगळीकडे करायला काय हरकत आहे? मला कळलं असतं तर मी दुपारपर्यंत वाट न पाहता त्याच मिनिटाला फोन केला असता, आणि तो स्क्रीनशॉट कदाचित ग्रुपवर गेलाच नसता.

भाचा वकिली करतो, त्याला विचारलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं, ते मला ठाऊक होतं. पण २०२३ च्या डिजिटल डेटाच्या कायद्यातून, माणूस स्वतःच्या किंवा घरच्या कामासाठी जे वापरतो ते वगळलं आहे, असं तो म्हणाला. म्हणजे घरच्या ग्रुपवरच्या प्रकाराला मी काही करू शकत नाही. ठीक आहे, घरातलं घरात निस्तरेन. पण वृत्तपत्राची बक्षिसांची स्पर्धा हे कुणाच्या घरचं काम? सुनेने साठ माणसांना दाखवलं. तुम्ही तोच प्रकार जिल्हाभर करायला निघाला आहात आणि त्यासाठी लोकांना बक्षीस देणार आहात.

जाता जाता आणखी एक. गेल्या पावसाळ्यात एसटी स्टँडसमोरच्या खड्ड्यांवरचं माझं पत्र तुम्ही छापलंत, त्याबद्दल आभार. पण खाली माझा मोबाइल नंबरही छापलात, जो मी केवळ कार्यालयाच्या माहितीसाठी दिला होता. चार दिवस विमा विकणाऱ्यांचे, कर्ज देणाऱ्यांचे फोन येत होते, आणि एक गृहस्थ रात्री साडेदहाला माझ्याशी खड्ड्यांवर वाद घालायला आले. तुमच्या कार्यालयात कळवलं, "पुढच्या वेळी काळजी घेऊ" म्हणाले. खड्डे तर अजून तसेच आहेत. यावेळी मी नंबर पाकिटाच्या आत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे. कृपया ती चिठ्ठी पत्राला जोडू नये.

माझी मागणी साधी आहे. येत्या रविवारच्या आधी दुसरी चौकट छापा, तेवढ्याच आकाराची आणि त्याच जागी. ज्याचा अवतार आहे त्याने स्वतः पाठवला असेल तरच घेऊ, असं त्यात लिहा. आतापर्यंत जे स्क्रीनशॉट तुमच्याकडे आले असतील ते ज्यांचे आहेत त्यांना विचारून मगच वापरा, आणि विचारता येत नसेल तर पुसून टाका.

आणि आमच्या घरातल्या कुणी माझा पाठवला असेल तर तो छापू नका. पांढरे केस, चौकोनी चष्मा, रुंद हनुवटी, मोठी गोल मरून टिकली. तुमच्या माणसांना ओळखायला अवघड जाणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, मिरज